चार बॅगा आणि एक फाडलेला पास

एकाच तिकिटावर दोन किंवा अधिक विमाने बदलून केलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला जोडप्रवास म्हटले, तर त्या जोडप्रवासात वस्तुतः दोन प्रवास शेजारीशेजारी चाललेले असतात : एक माणसाचा, जो बोर्डिंग पासावर चालतो, आणि दुसरा त्याच्या सामानाचा, जो बॅगेच्या मुठीला गुंडाळलेल्या लांब कागदी पट्टीवर, म्हणजे टॅगवर चालतो. दोन्ही एकाच ठिकाणी सुरू होतात आणि एकाच ठिकाणी संपतात, म्हणून प्रवासी त्यांना एकच समजतो. मधल्या विमानतळांवर मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या, नियम वेगळे आणि तपासनीसही वेगळे असतात. एसटीने जाणाऱ्याला हा भेद जाणवण्याचे कारण नाही, कारण टपावर किंवा डिकीत ठेवलेली ट्रंक आणि तिचा धनी एकाच गाडीत असतात आणि स्वारगेटला गाडी बदलायची झाली तर तो स्वतःच ती उतरवून दुसऱ्या गाडीत चढवतो. प्रस्तुत लेखकाने पत्नीसह मुंबई, फ्रँकफर्ट, शिकागो आणि सेंट लुईस असा जो प्रवास मुलीकडे जाण्यासाठी केला, त्यात उडालेला घोटाळा हा भेद ठाऊक नसल्यामुळे उडाला, आणि त्याचा दोष विमानकंपनीवर ढकलण्यास फारसा वाव नाही.

मुंबईच्या काउंटरवर प्रत्येकी तेवीस किलोच्या मर्यादेत बसवलेल्या चार बॅगा तोलल्या गेल्या आणि तिन्ही टप्प्यांचे मिळून सहा बोर्डिंग पास हाती आले. भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू आणि पापड यांनी भरलेल्या त्या बॅगांतून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आदल्या रात्रीच बाहेर काढाव्या लागल्या होत्या, कारण सुके खोबरे तेलकट असल्याने आपोआप तापू शकणाऱ्या, म्हणून धोकादायक मानल्या जाणाऱ्या पदार्थांत मोडते. मराठी स्वयंपाकघराला हा अन्याय वाटतो, पण मालवाहू जहाजांच्या जगात खोबऱ्याची ही खोड फार पूर्वीपासून माहीत आहे. उलट मोबाइलची बॅटरी भरणारी पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातच न्यावी लागते, कारण तिने पेट घेतला तर माणसांच्या डोळ्यांसमोर तो विझवता येतो, विमानाच्या पोटात येत नाही.

टॅगवर काय छापलेले असते, हे त्या वेळी लेखकाने वाचले नाही, आणि बहुतेक प्रवासी वाचत नाहीत. त्यावर ठळक असतात ती विमानतळांची तीन अक्षरी चिन्हे : मुंबईचे ‘बीओएम’, फ्रँकफर्टचे ‘एफआरए’, सेंट लुईसचे ‘एसटीएल’ आणि शिकागोचे ‘ओआरडी’, ज्याचा शिकागोशी काही संबंध दिसत नाही, कारण ते त्या विमानतळाच्या ऑर्चर्ड फील्ड या जुन्या नावावरून आलेले आहे. सर्वांत मोठ्या अक्षरात असते ते शेवटचे ठिकाण. त्याखाली रेघांच्या पट्ट्याबरोबर दहा अंकी क्रमांक असतो; त्यातला दुसरा, तिसरा आणि चौथा अंक मिळून विमानकंपनीचा संकेतांक होतो (एअर इंडियाचा ०९८ आहे, आणि तिच्या तिकिटाचा तेरा अंकी क्रमांकही याच तीन अंकांनी सुरू होतो) आणि शेवटचे सहा अंक त्या विशिष्ट बॅगेचे असतात. विमानतळाच्या तळघरातील पट्ट्यांवरून धावणाऱ्या बॅगेला प्रवाशाचे नाव लागत नाही. वाचणारी यंत्रे हा क्रमांक वाचून तिला पुढच्या विमानाकडे वळवतात. त्याच क्रमांकाचा एक छोटा चिकट तुकडा प्रवाशाला मिळतो आणि तीच सामानाची पावती. लेखकाच्या चारही बॅगा एकाच नावावर नोंदल्या गेल्याने चारही तुकडे एकाच ठिकाणी, म्हणजे लेखकाच्या पहिल्या टप्प्याच्या बोर्डिंग पासाच्या पाठीवर चिकटवले गेले.

काउंटरवरचा तरुण त्या वेळी म्हणाला, “काका, बॅगा डायरेक्ट सेंट लुईसला मिळतील.” लेखकाच्या पत्नीच्या आठवणीप्रमाणे त्याने पुढे आणखी एक वाक्य उच्चारले होते, ते असे की शिकागोला बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतील. लेखकाला हे दुसरे वाक्य आठवत नाही. पहिले वाक्य मनासारखे असले की दुसऱ्याकडे कान राहत नाही, एवढेच याचे स्पष्टीकरण देता येते.

माणूस आणि त्याची बॅग यांची सांगड घालण्याचा आग्रह विमानव्यवहारात इतका कडक का झाला, हे समजण्यासाठी २३ जून १९८५ या दिवसाकडे जावे लागते. एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान माँट्रियलहून लंडनमार्गे भारताकडे येत असताना आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरावर स्फोटाने फुटले आणि त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. स्फोटके ज्या बॅगेत होती, ती व्हँकुव्हरला दुसऱ्या कंपनीच्या विमानात चढवून टोरंटोला एअर इंडियाकडे सोपवली गेली होती. तिच्या मालकाची पुढची जागा पक्की नसतानाही त्याने हट्ट धरून बॅगेला थेट पुढचा टॅग लावून घेतला, आणि तो स्वतः विमानात चढलाच नाही. त्याच दिवशी टोकियोच्या नारिता विमानतळावर अशाच पद्धतीने आलेल्या दुसऱ्या बॅगेचा, ती एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात जायची असताना, जमिनीवर स्फोट होऊन सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले. १९८८ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर कोसळलेल्या पॅन ॲमच्या विमानातही, ज्यात जमिनीवरच्या ११ जणांसह २७० लोक दगावले, स्फोटके जोडप्रवासातून आलेल्या, धनी सोबत नसलेल्या बॅगेतच होती. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही त्या विमानात असता कामा नये, हा नियम या दुर्घटनांनंतर काटेकोर झाला, आणि आजही दारे बंद होण्याच्या वेळी प्रवासी आला नाही तर विमान थांबवून पोटातून त्याची बॅग शोधून काढली जाते. उशीर झाला म्हणून आत कुरकुरणाऱ्या प्रवाशांना या कंटाळवाण्या कामामागचा इतिहास सहसा माहीत नसतो.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि प्रस्तुत अनुभव पुढे त्याच अपवादात जाऊन पडला : मागे राहिलेली बॅग स्वतंत्र तपासणी करून प्रवाशाशिवाय पाठवता येते. अशा बॅगेला घाईचा म्हणून ‘रश’ टॅग लावतात.

फ्रँकफर्टला लेखकाचे काम केवळ स्वतःला एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत पोहोचवण्याचे होते. मुंबईहून येणाऱ्या प्रवाशांची तेथे हँडबॅगसह पुन्हा तपासणी होते, त्यामुळे मुंबईत तपासणीनंतर विकत घेतलेले पाणी तेथे ओतून टाकावे लागले. आणि मुंबईत छापलेल्या पासावरील दार क्रमांक फ्रँकफर्टच्या फलकावर बदललेला आढळला. दार क्रमांक ही छापण्याच्या क्षणापुरती माहिती असते, त्यामुळे पास खरा आणि फलक चुकीचा असे समजणारा प्रवासी हमखास भलत्या टोकाला जाऊन उभा राहतो. पत्नीच्या पासावर ‘एस’ हे अक्षर चार वेळा छापलेले होते. अमेरिकेकडे जाणाऱ्या काही निवडक प्रवाशांच्या अधिक कसून तपासणीची ती खूण असते, तिचा अर्थ संशयच असतो असे नाही, पण ती ज्याच्या पासावर उमटते त्याला पुढचा अर्धा तास कोणी हे पटवून देऊ शकत नाही. या गडबडीतून बाहेर आल्यावर लेखकाने पाकिटातील कागदांची आवराआवर केली आणि मुंबई ते फ्रँकफर्ट हा टप्पा संपला असल्याने त्या टप्प्याचे दोन्ही पास नीट चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्यातल्या एकाच्या पाठीवर चार बॅगांच्या पावत्या होत्या.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढली असती, तर बॅगा बहुधा फ्रँकफर्टलाच संपल्या असत्या, त्या घेण्यासाठी जर्मनीत रीतसर प्रवेश करावा लागला असता आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा लागला असता. स्वस्त पडतात म्हणून स्वतंत्र तिकिटे जोडणाऱ्यांना बचतीचा हिशेब करताना ही बाजू दिसत नाही.

शिकागोच्या विमानतळावर आंतरराष्ट्रीय विमाने मुख्यतः पाचव्या टर्मिनलवर येतात आणि देशांतर्गत विमानांसाठी बहुधा टर्मिनल बदलावे लागते. अमेरिकेचा सर्वसाधारण नियम असा, की परदेशातून येणारा प्रवासी ज्या विमानतळावर त्या देशात प्रथम पाऊल ठेवतो, तेथेच त्याने पारपत्राची तपासणी उरकून आपल्या बॅगा स्वतः पट्ट्यावरून उचलाव्यात, सीमाशुल्क विभागातून न्याव्यात आणि बाहेर पडताच पुन्हा विमानकंपनीच्या हवाली कराव्यात, मग टॅगवर कोणतेही ठिकाण छापलेले असो. मालाची पाहणी मालकासमक्ष व्हावी, हा यामागचा हेतू. ताजी फळे, बियाणे आणि मांसाचे पदार्थ शोधण्यासाठी तेथे बीगल जातीचे कुत्रे माणसांमधून हुंगत फिरतात आणि त्यांच्यापासून काही लपत नाही. अबू धाबी किंवा डब्लिनसारख्या ज्या मोजक्या ठिकाणी अमेरिकी अधिकारी ही तपासणी उड्डाणापूर्वीच उरकतात, तेथून येणाऱ्यांना हे लागू होत नाही, आणि अलीकडे काही थोड्या मार्गांवर सवलतीचे प्रयोगही सुरू झाले आहेत. फ्रँकफर्टहून आलेल्या त्या विमानाला यातले काहीच लागू नव्हते. भारतात परतणाऱ्यालाही हाच अनुभव येतो : दिल्लीमार्गे नागपूरला जाणाऱ्याला सामान साधारणपणे दिल्लीतच ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते.

लेखकाने ‘एसटीएल’ या अक्षरांवर आणि “डायरेक्ट” या शब्दावर विसंबून पट्ट्याकडे पाहिलेही नाही. हातातल्या पिशव्या घेऊन दोघे सीमाशुल्काच्या दारातून बाहेर पडले, आणि हे दार एकाच दिशेने उघडते : बाहेर आलेल्या प्रवाशाला आपण होऊन आत परत जाता येत नाही. पुढील विमान वेळेवर होते, पास तयार होते, सारे काही सुरळीत चालल्याची भावना होती, आणि चार बॅगा पट्ट्यावर फिरत राहिल्या.

सेंट लुईसचा पट्टा थांबला तेव्हा लेखक आणि पत्नी सामानाच्या कार्यालयात गेले. तेथील बाईंनी प्रथम पावत्या मागितल्या. त्या फ्रँकफर्टच्या कचऱ्यात आहेत, हे सांगताना लेखकाची जी अवस्था झाली तिचे वर्णन येथे अप्रस्तुत ठरेल. आरक्षणाच्या सहा अक्षरी संकेतावरून, ज्याला पीएनआर म्हणतात, चारही क्रमांक संगणकात सापडले, परंतु त्याला वेळ लागला आणि दरम्यान बॅगांचे वर्णन विचारले गेले. या कामासाठी विमानकंपन्यांकडे निरनिराळ्या घाटाच्या बॅगांची चित्रे असलेला एक तक्ता असतो, त्यावर बोट ठेवून प्रकार आणि रंग सांगायचा असतो. लेखकाच्या तीन बॅगा काळ्या आणि चौथी गडद निळी, म्हणजे पट्ट्यावरील निम्म्या बॅगांसारख्याच. उपयोगी पडला तो पत्नीने चारही मुठींना बांधलेला जुन्या नारायणपेठी साडीचा काठ. तो बाईंनी “केशरी कापड” असा टिपून घेतला.

जो कागद तेथे भरला गेला, त्याला सामानाच्या अनियमिततेचा अहवाल म्हणतात, आणि विमानतळ सोडण्यापूर्वी तो भरून त्याचा क्रमांक घेणे हे बॅग हरवलेल्या कोणत्याही प्रवाशाचे पहिले काम होय. कंपनीची जबाबदारी १९९९ च्या माँट्रियल कराराने ठरते, ज्यात भारत २००९ मध्ये सामील झाला. त्यानुसार सामानाची मोडतोड झाल्यास सात दिवसांत आणि ते उशिरा मिळाल्यास हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, आणि एकवीस दिवसांत न आलेली बॅग हरवली असे धरता येते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून त्याचे मूल्य पाच प्रमुख चलनांवरून काढतात. ही मर्यादा प्रवाशामागे आहे, बॅगेमागे नाही, आणि नुकसान प्रवाशाच्याच हलगर्जीपणाने झाले असेल तर कंपनीची जबाबदारी तेवढी कमी होते, हेही त्याच करारात म्हटले आहे.

तीन बॅगा दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आल्या, त्यांच्या मुठींवर रश टॅग होते. निळी बॅग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली; तिच्यात उघडून तपासल्याची छापील सूचना होती, एक लाडवांचा डबा तिरका झाला होता आणि मेतकूट शाबूत होते. भरपाईचा दावा लेखकाने केला नाही.