तो, ती, ते

बदलीचा हुकूम हाती पडला, की आम्ही सरकारी मंडळी प्रथम सामानाची यादी करतो. कपाट, पलंग, पोळपाट, देव्हारा, सारे तीत येते. मुलांची मराठी तेवढी येत नाही. ती आपल्यामागून येईलच, असे आपण गृहीत धरतो. दोन बदल्या झाल्यावर ध्यानात येते, की मुलगा आजीशी बोलताना ‘हो’ आणि ‘नाही’ ह्या दोन शब्दांवर सारा व्यवहार भागवीत आहे.

२०१२ साली कलकत्त्यास असताना ही उणीव भरून काढण्याचा विडा आम्ही उचलला. वसाहतीतील आमच्याच बैठकीच्या खोलीत दर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग सुरू झाला. मुले अकरा, वये सात ते बारा. शिकविण्याचा अनुभव आम्हांस नव्हता. परंतु पंचवीस वर्षे फायलींवर शेरे मारल्यामुळे दुसऱ्याच्या चुका दाखविण्याचा अनुभव दांडगा होता. एक फळा, एक व्याकरणाचे पुस्तक आणि एक लाल पेन्सिल, एवढे आमचे भांडवल.

खरी अडचण होती लिंगांची. ही मुले शेजारी बंगाली बोलत. बंगालीत मुलगा येवो की मुलगी येवो, क्रियापद एकच. शाळेतील हिंदीत लिंगे दोन. मराठीत तीन, आणि अमक्या वस्तूला अमकेच लिंग का, ह्याला बहुधा उत्तर नाही. भात तो, भाकरी ती, वरण ते. आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले आणि शब्द पाठ करावयास सांगितले.

त्यांत एक नऊ वर्षांचा मुलगा होता. आम्ही रकाना वाचू लागलो, की हा पाटीवर बोटांनी ठेका धरी. विचारावे तर उत्तर नाही. दटावावे तर क्षणभर थांबून पुन्हा ठेका. चौथ्या रविवारी आम्ही त्याच्या वडिलांस चिठ्ठी लिहिली : ‘आपल्या मुलास भाषेचे अंग नाही. त्याचा वेळ व्यर्थ दवडू नये.’ वडील आमच्याच कचेरीत, आमच्या हाताखाली होते. वरिष्ठाचा शेरा त्यांनी शिरोधार्य मानला. मुलगा यावयाचा थांबला, आणि आम्हांस त्याचे काही वाटले नाही.

भाद्रपदात वसाहतीचा गणपती बसला. संध्याकाळच्या आरतीस हा मुलगा झांज घेऊन पुढे उभा. पहिले कडवे सर्वांसच येते. दुसऱ्यास निम्मे आवाज गळाले. तिसऱ्यास आमच्यासकट सारे वडीलधारे ओठ हलवून वेळ मारून नेऊ लागले. एकच आवाज स्पष्ट येत होता, त्याचा. एकामागून एक पाच आरत्या त्याने म्हटल्या, आणि एकाही शब्दाचे लिंग चुकले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडिलांनी चहा दिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, तुम्हीच लिहिलं होतंत. आम्ही घरीसुद्धा त्याच्याशी हिंदीच बोलायला लागलो. म्हटलं, उगाच पोराला त्रास कशाला?” एका ओळीच्या शेऱ्याने एका घरातील मराठी बंद पडली होती. आम्ही चिठ्ठी परत मागितली. त्यांनी ती काढून दिली. जपून ठेवली होती.

त्या सुमारास आमची कन्या शिक्षणशास्त्राची पदवी घेत होती. तिला सारी हकीगत कळविली, तेव्हा तिने हॉवर्ड गार्डनर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे १९८३ सालचे पुस्तक धाडले. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने व सिमाँ ह्यांनी, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांस मदत मिळावी म्हणून, बुद्धीची चाचणी तयार केली. पुढे त्या चाचणीचा आकडा म्हणजेच बुद्धी, अशी लोकांची समजूत झाली. गार्डनर ह्यांचे म्हणणे, की बुद्धी एक नव्हे. भाषेची एक, तर्काची व गणिताची दुसरी; शिवाय संगीताची, शरीराच्या हालचालीची, आकार व अंतरे जाणण्याची, इतरांस ओळखण्याची आणि स्वतःस ओळखण्याची. ह्या सातांत पुढे निसर्ग ओळखण्याच्या आठवीची भर पडली.

पुस्तक वाचून आम्ही तत्काळ दुसरी चूक करण्याच्या बेतात होतो. अकरा मुलांची नावे लिहून प्रत्येकापुढे एकेक बुद्धी मांडावयास घेतली. झांजवाला ‘संगीत’, चित्रे काढणारी ‘आकार’. कन्येने टोकले, “बाबा, हा पुन्हा शेराच झाला.” तिचे खरे होते. ह्या बुद्धी खरोखर परस्परांपासून वेगळ्या आहेत काय, ह्याविषयी पुष्कळ मानसशास्त्रज्ञांस शंका आहे, आणि प्रयोगांचा आधार तोकडा आहे. मूल एकाच रीतीने शिकते असे ठरवून त्यास तेवढीच रीत द्यावी, हे तर गार्डनर स्वतःही मानीत नाहीत. आमच्यापुरता बोध एवढाच : एक धडा सर्वांसच चार दारांनी द्यावा, कोण कोणत्या दाराने आत येईल, हे आपण आधी ठरवू नये.

आणि ह्यासाठी अमेरिकेस जावयाचे कारणही नव्हते. १९२० साली भावनगरास गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढले. तेथे मराठी मुलखाबाहेर राहून काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी तेच व्रत चालविले. मुले गुरांमागे रानात जात म्हणून तेथे शाळाच कुरणात नेली गेली. मूल शाळेत बसत नाही, तर मुलास भाषेचे अंग नाही, असा शेरा त्यांनी मारला नाही.

मग आमचा फळा भिंतीस टेकला. खोलीचे तीन कोपरे तो, ती, ते झाले. शब्द उच्चारताच मुलांनी धावावे. स्वयंपाकघरात सौभाग्यवतींच्या हाताखाली भात शिजला, पोळी लाटली, वरण उकळले. क्रियापदे कामाबरोबर बदलू लागली. चित्रे काढणाऱ्या मुलीने आजोळचा नकाशा काढला : ओढा, विहीर, देऊळ. तीन लिंगे एका कागदावर आली. झांजवाल्याने तिन्ही लिंगांस तीन ठेके बसविले. एका मुलीस धावणे आणि टाळ्या दोन्ही नकोसे. ती कोपऱ्यात बसून रोजनिशी लिही. तिला आम्ही तीन रकानेच दिले, आणि तिला ते आवडले.

चमत्कार झाला नाही. चुका पुष्कळ राहिल्या. पुढल्या उन्हाळ्यात त्या मुलाच्या वडिलांची मद्रासेस बदली झाली. हावड्यास निरोप देण्यास आम्ही गेलो होतो. मुलगा खिडकीशी बसून मोबाइलवर साताऱ्यास आजीशी बोलत होता :

“आजी, आमची सामान गाडीत चढली. खिडकी मला मिळाला.”

दोन वाक्यांत तीन चुका. आमचा हात सवयीने खिशाकडे गेला. पलीकडून आजी काय म्हणाली, ते आम्हांस ऐकू आले नाही. मुलगा मात्र हसला आणि पुढे सांगू लागला. आम्ही हात खिशातून काढून त्याला निरोप दिला. गाडी हलली, तरी त्याचे बोलणे संपले नव्हते.