सस्पेन्स खातं

बँकेत सस्पेन्स खातं नावाची एक फार सोयीची जागा असते. रक्कम आली आहे, पण ती नेमकी कुणाच्या नावावर टाकायची ते कळत नाही, अशा वेळी ती तिथं टाकावी आणि निमूटपणे घरी जावं. बी.कॉम.ला असताना हे मी पाठ केलं होतं. पण चांगली हाडामांसाची माणसंही या खात्यात दिवस काढतात, हे मला २०२३ च्या डिसेंबरात कळलं. आमच्या शेजारच्या नानांनी वरचा मजला पाहुण्यांना भाड्यानं द्यायला काढला आहे. तिथं एक इटालियन कुटुंब उतरलं होतं.

साहेब, बाई आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. पुण्यातल्या एका संस्थेतली चार वर्षांची मुलगी त्यांनी दत्तक घेतली होती. तिचा फोटो पाहून झाला होता, वैद्यकीय अहवाल पाठ झाला होता, फोनच्या पडद्यावर हात हलवून झाले होते. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेशही झाला होता. (पूर्वी हे काम न्यायालय करी, २०२२ पासून जिल्हाधिकारी करतात.) मुलीचा पासपोर्टसुद्धा तयार. प्रत्यक्ष भेट तेवढी बाकी होती आणि तिची तारीख होती गुरुवार. मंडळी मात्र दहा दिवस आधीच भारतात येऊन दाखल!

आता हे दहा दिवस काढायचे कसे? तर स्थलदर्शन करून. दिल्लीचा कुतुबमिनार झाला, जयपूरचा हवामहल झाला. आग्र्याला नेमके शुक्रवारी पोचले आणि ताजमहाल शुक्रवारी बंद! मग यमुनेच्या पलीकडून, मेहताब बागेतून त्यांनी ताजची पाठ पाहिली. साहेब म्हणाले, "बरंच झालं. हल्ली आम्हाला सगळं लांबूनच बघायची सवय आहे."

सोमवारी ते पुण्यात आले आणि नानांनी मला हुकूम सोडला, "तीन दिवस रजा टाक आणि यांना पुणं दाखव. तू बँकेत आहेस, तुला इंग्रजी येतं." माझं इंग्रजी 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' या वाक्यानं सुरू होतं आणि 'युवर्स फेथफुली'पाशी संपतं. पण त्यांचंही बेताचंच निघालं, त्यामुळे आमचं छान जमलं.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की बाई प्रत्येक तिकीट जपून ठेवतात. बसचं, रिक्षाच्या बिलाचं, उसाच्या रसाच्या दुकानातलं चिटोरंसुद्धा. फाइलला लावून, वर तारीख घालून. आमच्या शाखेतसुद्धा व्हाउचर इतकी नीट लागत नाहीत! मी कौतुकानं विचारलं, "ऑफिसकडून खर्च मिळणार वाटतं?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "हे तिचं आहे. मोठी झाल्यावर ती विचारेल, मी कुठली? तेव्हा आम्ही तिचा देश पाहिलाच नाही, असं सांगायचं का?"

यावर आमच्या बँकेच्या इंग्रजीत उत्तर नव्हतं.

शनिवारवाड्यात माझी जरा पंचाईत झाली. वाडा १७३२ साली बांधून झाला, १८२८ साली जळला, इथवर ठीक. पण कुठलाही पुणेकर पुढं नारायणरावावर येतो. १७७३ साली याच वाड्यात पोर जिवाच्या आकांतानं काकाकडे धावलं, ही गोष्ट दत्तक मुलगी न्यायला आलेल्या माणसांना कशी सांगायची? मी ती गाळली आणि गाडी दत्तकांवर वळवली. या विषयात आपला इतिहास श्रीमंत आहे. दुसऱ्या बाजीरावानं १८२७ साली नानासाहेबांना दत्तक घेतलं. झाशीचा दत्तक इंग्रजांनी नामंजूर केला आणि १८५४ साली राज्यच घशात घातलं. कवळाण्याच्या शेतकऱ्याघरचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला.

इतका वेळ खारींच्या मागं धावणारा तो मुलगा एकदम थांबला. "घरात आधीचा मुलगा असला तर?"

"तर ते दत्तक घेतच नसत," मी म्हणालो. शास्त्रच तसं होतं.

पोरानं यावर बराच विचार केला. मग त्यानं हळूच आईचा हात धरला. वाड्यातून बाहेर पडेपर्यंत सोडला नाही.

मंगळवारी केळकर संग्रहालय. तिथले अडकित्ते आणि वज्र्या पाहताना साहेब हरखून गेले. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी गावोगाव हिंडून या वीसेक हजार वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सरकारला देऊन टाकल्या. "आणि राजा कोण?" बाईंनी पाटीवर बोट ठेवून विचारलं. राजा म्हणजे केळकरांचा मुलगा. लहानपणीच गेला. त्याचं नाव या सगळ्याला दिलं. बाई त्या पाटीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. ते तिकीट मात्र त्यांनी फाइलला लावलं नाही, पर्समध्ये ठेवलं.

त्या संध्याकाळी पाहुणे आमच्याकडे पोहे खायला आले. माझी स्थळांची यादी ऐकून आमची ही म्हणाली, "पर्वती कुठं पळून जात नाही. चार वर्षांच्या पोरीला मराठीशिवाय काही कळत नाही. तिला लागेल ते शिकवा यांना!" आणि तिनं स्वतःच शाळा घेतली. ये. पाणी. भूक लागली? दुखतंय? भिऊ नको. शू आली का?

इटालियन जिभेला आपला 'भ' काही केल्या झेपेना. भूकचं 'बूक' झालं, 'भिऊ नको'चं 'बिऊ नको'. 'शू आली का' मात्र साहेबांना पहिल्या फटक्यात, अगदी सदाशिव पेठी थाटात आलं! त्यामुळे उत्साह वाढून बुधवारी पर्वतीच्या पायऱ्या चढताना ते तेवढंच घोकत होते. उतरणारी मंडळी चमकून बघत होती. एका आजोबांनी तर बिचाऱ्यांना हात धरून खालचं सार्वजनिक शौचालय दाखवलं.

गुरुवारी माझी रजा संपली होती. त्यामुळे पुढचं सगळं नानांच्या तोंडून, दुपारी कॅश काउंटरच्या जाळीतून ऐकलेलं.

संस्थेच्या मावशींनी मुलीला बाहेर आणलं. नवा फ्रॉक, हातात बिस्किटाचा पुडा. बाई गुडघ्यांवर बसल्या, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पोराच्या हातात कापडी ससा होता, तो त्यानं आधी पुढं केला आणि मग परत छातीशी धरला. मुलगी मावशींच्या पदराआड. कुणीच काही बोलेना. अशा वेळी 'ये' म्हणायचं असतं, हे साहेबांना ठाऊक होतं. पण घाम फुटलेल्या माणसाच्या तोंडी पाठ झालेलंच येतं.

"शू आली का?" साहेबांनी विचारलं.

मुलीनं पदराआडून डोकं काढलं. त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. पुडा मावशींच्या हातात दिला.

"आली," ती म्हणाली.

मग ती पुढं आणि तिच्यामागून साहेब, बाई, सशासकट पोरगा आणि मावशी, अशी सगळी वरात संस्थेच्या मोरीकडे निघाली.

"फोटो काढायचा मात्र राहिला रे," नाना म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पैसे काढायची स्लिप सरकवली. त्यावर सही नव्हती.