डोहाकाठची मोजदाद

जे गेलं, जे जातंय, त्याची ही यादी. सगळ्यात आधी खुद्द डोहच. गाढवी नदीवर गोठणगावजवळ १९७० साली धरण पुरं झालं आणि इटियाडोह हे नाव भिंतीला, जलाशयाला, कालव्याला, पाटबंधाऱ्याच्या कागदांना चिकटलं. नावातला डोह तेवढा पाण्याखाली पाणी होऊन गेला. आता एखादी ‘डोहावर जाते’ म्हणाली, तर ती सहलीला निघालेली असते.

रोवणीतलं गाणं. अर्जुनी मोरगावपासून खाली वडसा-आरमोरीपर्यंत या पाण्यावर धान होतो. पऱ्हे उपटायचे, गुडघाभर चिखलात वाकायचं आणि रोवत रोवत मागे सरकायचं. समोर बांधी हिरवी होत जाते, बाई मागे जात राहते. यात शर्यत असायची. जी रेंगाळली तिचं नाव गाण्यात ओवलं जायचं आणि हशा पार धुऱ्यापर्यंत पोचायचा. मैदानी खेळांच्या कुठल्याच यादीत हा खेळ नाही. आता रोवणी हुंडा पद्धतीनं, म्हणजे एकराचा भाव आधी ठरवून. (बाईनं द्यायचा नाही, घ्यायचा, असा एवढाच हुंडा असावा.) भाव एकरावर असला की गाण्याला सवड नाही, आणि कमरेला खोचलेला मोबाइल गातोच आहे. काही बांध्यांत यंत्र उतरलं. कंबर वाचते. मजुरीही वाचते, पण ती मालकाची.

बांबूच्या कामट्यांत पानं दाबून केलेलं, पाठीवर घ्यायचं पावसाळी छप्पर. त्याच्या जागी खताच्या गोणीची खोळ आली, मग प्लास्टिक. गेलं.

विहिणीची खोड काढणारी गाणी. एरवी नवऱ्याचं नाव तोंडानं न घेणाऱ्या बाईला लग्नमांडवातल्या त्या एका दुपारी व्याह्याच्या मिशीपासून विहिणीच्या चालीपर्यंत वाटेल ते बोलायची मुभा असे. कुणी राग मानायचा नाही, हा नियम. सगळ्यात बेरकी गाणी सगळ्यात म्हाताऱ्या बाईला पाठ, आणि ती सुरुवातीला ‘मले नाई येत’ म्हणून आढेवेढे घेणार, हेही ठरलेलं. डीजे आला, बायका मांडवात नाचू लागल्या, बरंच झालं. म्हातारी मात्र खुर्चीत बसून कानावर हात ठेवते.

साडीतला नाच्या. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री दंडार, खडी गंमत अशा लोकनाट्यांत बाईचं सोंग पुरुषानं आणायचं. त्याचं लाजणं, मुरकणं, भांडणं बघून समोरच्या खऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. सोंग हुबेहूब म्हणून हसायच्या की बाई अशी नसतेच म्हणून, हे त्यांना कुणी विचारलं नाही. वडशाच्या झाडीपट्टी नाटकांत आता नट्या आहेत. दिवाळीनंतरचा सबंध हंगाम रात्रभर प्रयोग, पहाटे गाडीत चेहरा पुसायचा, संध्याकाळी दुसरं गाव. नाच्या जातोय, जाऊ द्या. हसवायचं काम मात्र बहुतेक पुरुषांकडेच राहिलं. या रंगभूमीला २०२३ साली पद्मश्री मिळाली, तीही विनोदी भूमिकांसाठी गाजलेल्या परशुराम खुणे यांना. त्यांच्या तोडीची हसवणारी बाई खुर्चीत बसलेली आहे, वर सांगितलं तिथेच.

अंगावर काढणं. हे मोडायला कधी लागलं, त्याचं साल सांगता येतं. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना कळलं. बायकांना आधीपासून ठाऊक होतं. ‘पांढरं जाते’ एवढं म्हणायला त्यांना समोर ऐकणारी बाई हवी होती.

कुर्मा. हा शब्द यादीत लिहिला आणि खोडला. पाळीच्या दिवसांत राहायची वस्तीबाहेरची झोपडी. गडचिरोलीच्या धानोरा भागातल्या आदिवासी गावांत आहे. जायला हवी, पण जात नाहीये. २०२१च्या सुमारास मुंबईच्या एका संस्थेनं काही गावांत तिथेच पक्कं घर बांधून दिलं. पलंग आला, वीज आली, संडास आला. साप-विंचवाची भीती गेली. कुर्मा राहिला, वर सिमेंटचा झाला.

मारबत, इकडे नारबोदही म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावातला खोकला, खरूज, ढेकूण, सगळी इडापिडा एका बाईच्या पुतळ्यावर लादायची आणि ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकायची. हल्ली गल्लीतली पोरं पहाटे उठत नाहीत. हिच्यासाठी हळहळ जमत नाही.

पांगडेन. गोठणगावची तिबेटी वसाहत १९७२ची. तिथल्या लग्न झालेल्या बाईच्या कमरेपुढे आडव्या रंगीत पट्ट्यांचं विणलेलं वस्त्र असतं, ते हे. थंडीत या बायका स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. मुली शिकून त्याच शहरांत राहतात, काही देशाबाहेर. पांगडेन मग लोसरला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, पेटीतून निघतं. आपल्याकडचं मंगळसूत्रही हल्ली पर्समध्येच असतं म्हणा.

आणि माशांची नावं. कोहळी समाजानं बांधलेल्या जुन्या तलावांत मासे धरणाऱ्या ढीवर बायकांना जेवढे मासे नावानिशी माहीत होते, तेवढे बाजारात कधीच आले नाहीत. मग रोहू-कटल्याचं बीज सोडलं गेलं, काठानं बेशरम ही उपरी वनस्पती माजली, देवधान आणि कमळकंद मागे हटले, आणि नावं घ्यायला मासाच उरेना. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या शालू कोल्हे आणि त्यांच्यासोबतच्या बायकांनी तलावात उतरून बेशरम मुळासकट उपटली आणि गावठी पाणवनस्पती रोवल्या. वाकून, चिखलात, हातानं. मरळ, शिंगूर, वाडीस ही नावं या यादीसाठी लिहून ठेवली होती. ती तूर्त काढून घेतली आहेत.