काड्याची काडी आणि जळालेली पिन

आज शेतातलं नाही, घरातलं लिहितो. पण शेतात मोटर असलेल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, म्हणून वाचा.

आमच्या सुनबाई पुढच्या पडवीत कॉम्प्युटर ठेवून गावातल्या लोकांचे फॉर्म भरतात. सातबारा काढणं, पीक विमा, शाळेचे अर्ज, असं सगळं. जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या पडवीत जत्रा. एकतीस तारीख जवळ आली की माणूस जागा होतो, मी पण त्यातलाच.

पावसात पडवीचं पत्र गळायला लागलं म्हणून मी टेबल दोन हात सरकवलं. वायर काही लांब झाली नाही. ती ताणून बसली. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीन मधीच काळा पडायचा, वायरीला हात लावला की परत यायचा. सुनबाई म्हणाल्या, "मामा, मागची पिन हलते. एकदा दाखवून आणू." मी म्हणलं, तालुक्याला जायला कुणाला वेळ आहे? काड्यापेटीतली काडी मोडली, पिनीच्या बाजूला खोचली. स्क्रीन लागला. लई हुशारी केल्यासारखं वाटलं मला.

पाच दिवस चाललं. सव्वीस तारखेला संध्याकाळी जळका वास आला. आधी वाटलं चुलीवर काही लागलं. मग सुनबाईंनी मागं हात घातला आणि चटका बसून ओरडल्या. नातू शेजारीच खेळत होता. बोर्डाचं बटन बंद करूनच मी मागं बघितलं. पिनीचं काळं प्लॅस्टिक वितळून मॉनिटरच्या भोकात चिकटलेलं, माझी काडी कोळसा झालेली. भाताच्या तुसाला आग लागावी तशी ती पेटली असती तर वर लाकडी फळी होती. तेवढंच सांगतो.

वितळलेली पिन ओढायचा मोह आवरला. गार होऊ दिली. ओढून काढली तर आतला जॅक बोर्डावरनं उपटून येतो, असं नंतर कळलं.

तालुक्यात पहिल्या दुकानात सांगितलं, "आतून गेला, नवीन घ्या." जवळच एका जणाकडं जुन्या लॅपटॉपचा चार्जर होता, पिन बरोबर बसत होती, दोनशे रुपये म्हणाला. मी पैसे काढलेच होते. पण मनात आलं, जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला एकदा विचारावं. त्यानं चार्जर हातात घेऊन पाठीमागचं लेबल वाचलं. १९ व्होल्ट. आमच्या मॉनिटरवर लिहिलंय १२ व्होल्ट, ३ अँपिअर. "काका, हे लावलं असतं तर खरंच नवीन घ्यावा लागला असता," म्हणाला. पिन बसली म्हणजे जमलं असं नसतं. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनीच्या मधी प्लस का मायनस तेही जुळलं पाहिजे. ती खूण लेबलवर गोलाच्या चित्रात असते.

मी विचारलं, एवढासा मॉनिटर, त्याची पिन जळते कशी? त्यानं सांगितलं ते मला मोटरमुळं लगेच कळलं. ३६ वॅटला २३० व्होल्टच्या बाजूनं पाव अँपिअर सुद्धा लागत नाही. तेच १२ व्होल्टवर ३ अँपिअर होतात. आणि करंट दुप्पट झाला की ढिल्या जोडात उष्णता चौपट होते. पिन हलली की बारीक ठिणगी पडते, ठिणगीनं धातू काळा पडतो, काळा पडला की अजून तापतो, तापला की आतली पत्ती ढिली होते. मग फिरून तेच. माझ्या काडीनं पिन एका अंगाला रेटली होती, म्हणजे सगळा करंट एवढ्याशा टेकलेल्या जागेतून जात होता. स्क्रीन लागला म्हणून मला वाटलं बरं झालं.

त्यानं मॉनिटर उघडला. जॅकच्या बुडाशी बोर्ड काळा झालेला. नुसता जॅक बदलून चालत नाही म्हणाला, तो कोळसा खरवडून काढावा लागतो, नाहीतर त्यातनंच करंट गळत राहतो. खरवडलं, पुसलं, नवीन जॅक डाग देऊन बसवला. मग अडॅप्टरची पिन पण कापून नवीन लावली. मी म्हणलं ती तर बरी दिसतेय. तो म्हणाला, "स्टार्टरचे काँटॅक्ट तुम्ही एकाच बाजूचे बदलता का?" गप्प बसलो. मीटर लावून १२ व्होल्ट दाखवले, अर्धा तास चालू ठेवला, मग माझं बोट लावून बघायला सांगितलं. गार होतं. दोनशे चाळीस रुपये झाले.

हे सगळं होईपर्यंत तीन दिवस गेले. सुनबाई कागदांची पिशवी घेऊन रोज दुसऱ्या गावच्या केंद्रावर बसल्या, बोटाला पट्टी बांधून. रात्री नऊला यायच्या. लोकांचे फॉर्म राहिले नाहीत ते त्यांच्यामुळं. मला एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

आता टेबल भिंतीकडं आहे, वायरीला ढील आहे, आणि वायर टेबलाच्या पायाला बांधली आहे म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी ओढ पिनीवर येत नाही. पत्राही बदलला.

तीस तारखेला सकाळी विहिरीवर गेलो. खांबावरनं लाइन बंद केली, टेस्टर लावून बघितलं आणि स्टार्टरचं झाकण काढलं. मधल्या फेजचा स्क्रू बोटानं फिरला. वायरीचं टोक काळं निळं झालेलं. तेवढं कापून, तांबं उघडं करून, नवीन थिंबल लावून आवळलं. दोन वर्षांपूर्वी याच जागेवरनं मोटर जळाली होती, सात हजार गेले होते.

सोयाबीनला फुलं दिसायला लागलीत. चक्री भुंग्याचं उद्या फोटो काढून टाकतो.