आमच्या घरात लंघन बंद

माझा मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत घरात सगळे त्याला 'नाजूक' म्हणत. जिना चढताना त्याला धाप लागे, थोडं चाललं की पाय दुखायचे आणि मग कडेवर घ्या म्हणून हट्ट. एकदा ताप आणि उलट्या झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "पोटाला विश्रांती दे गं, एक दिवस लंघन केल्यानं काही होत नाही." सकाळी तो उठेचना. कपाळ घामानं ओलं, हात गार. हाक मारली की डोळे किलकिले करी आणि पुन्हा मिटून घेई.

हॉस्पिटलात साखर ३२ भरली. ग्लुकोज चढवल्यावर तो भानावर आला, पण डॉक्टरांना दुसरंच खटकलं होतं. साखर इतकी उतरूनही लघवीत कीटोन जवळजवळ नव्हते. उपाशी शरीर चरबी जाळतं, तेव्हा कीटोन तयार होतात आणि मेंदूचं त्यावर भागतं. याची चरबी जळतच नव्हती. यकृत वाढलेलं होतं. टूडी एकोत हृदयही मोठं दिसलं, पंपिंग कमी. रक्ताच्या तपासणीत कार्निटाइन अगदी तळाला गेलेलं.

चरबीतली लांब साखळीची मेदाम्लं पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात पोचवायचं काम कार्निटाइनचं. "तुम्ही मांस-मच्छी खात नाही, म्हणून झालं," असं नातेवाईक ठामपणे सांगत. ते खरं नव्हे. निरोगी शरीर लागेल तेवढं कार्निटाइन स्वतः बनवतं. माझ्या मुलाच्या पेशींना ते आत ओढून घेता येत नाही, मूत्रपिंडालाही धरून ठेवता येत नाही. सगळं लघवीवाटे जातं. दोष एसएलसी२२ए५ या जनुकात, आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा आलेला. आमचं लग्न नात्यातलं, त्यामुळे ही शक्यता वाढलेली. फिटची व्हॅल्प्रोएटसारखी औषधं किंवा दीर्घकाळचं डायलिसिस यांनीही कार्निटाइन घटतं, पण ते प्रकरण वेगळं.

आता दिवसातून तीनदा लेवोकार्निटाइनचं सिरप, कायमचं. घामाला कधी माशासारखा वास येतो, तेवढं चालतं. काही महिन्यांत हृदय बरंच सुधारलं. झोपण्याआधी खाणं चुकवायचं नाही, आणि आजारपणात अन्न पोटात ठरत नसेल तर थेट दवाखाना. दूध-भाताची वाटी घेऊन रात्री त्याच्यामागे धावतात त्या सासूबाईच.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून धाकटीचंही रक्त तपासलं. ती हसती-खेळती, दिवसभर पळणारी. तिचंही कार्निटाइन कमीच निघालं. त्याच आठवड्यात तिचं सिरप सुरू झालं.