पट्टीखालचं पाणी

मे महिन्यात मी धाकट्याकडे मिशिगनला पोचलो तेव्हा गाडी त्याच्या दारात नव्हती. मोटरहोम दारासमोर उभी करायला तिथल्या सोसायटीची मनाई. पत्रं लिहायच्या हौसेत ती आमच्या पुण्याच्या सोसायटीला हार जाणारी नाही. म्हणून त्यानं गाडी बारा मैलांवरच्या एका शेतकऱ्याच्या जुन्या कोठारात ठेवली होती. कोठारात गवताचा वास होता, उजेड दारापुरताच होता आणि मधोमध ताडपत्रीखाली चोवीस फुटी, 1976 सालची ती गाडी होती.

"दादा, फार काही नाही. बाजूच्या पट्ट्या तेवढ्या बदलायच्यात. एक शनिवार-रविवार."

त्यानं ताडपत्री ओढली. गाडीचा रंग कधीकाळी साय-पांढरा असावा. दोन्ही अंगांनी नाकापासून शेपटीपर्यंत अॅल्युमिनियमच्या पट्ट्या गेलेल्या होत्या, एक कमरेच्या उंचीला आणि एक छपराच्या कडेला. पट्टीच्या मधल्या खाचेत तपकिरी प्लास्टिकची फीत होती. ती उन्हानं इतकी आटली होती की दोन्ही टोकांना वीतवीतभर खाच उघडी पडली होती आणि तिथून गंजलेल्या स्क्रूंची डोकी दिसत होती. प्रत्येक डोक्याखाली पत्र्यावर गंजाचा ओघळ. पहिल्या नजरेला मलाही तो रंगरंगोटीचाच मामला वाटला.

धाकटा गाडी-कारखान्यात तीस वर्षं इंजिनिअर आहे, पण ही गाडी त्याच्या कामातल्या गाड्यांसारखी नव्हे. खाली डॉजची चॅसी, पुढे 440 घनइंचांचं, म्हणजे सात लिटरहून मोठं पेट्रोल इंजिन, आणि वर एका भलत्याच कंपनीनं बांधलेलं घर. त्या काळी अमेरिकेत हाच रिवाज होता. चॅसी मोठ्या कारखान्यातून यायची आणि तिच्यावर घर चढवणारे उद्योग ठिकठिकाणी उभे राहिले होते. आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबागो कंपनीनं 1966 साली मोटरहोम जुळणी-साखळीवर आणली, तेव्हा ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुढे तिकडे कुठल्याही मोटरहोमला लोक सर्रास विनेबागो म्हणू लागले, आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. मग ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल अडवलं, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि गॅलनला आठ-दहा मैल जाणाऱ्या या घरांवर संक्रांत आली. कितीतरी बांधणारे त्यानंतर मिटले. धाकट्याची गाडी बांधणारी कंपनीही कधीच गुंडाळलेली आहे, त्यामुळे "कंपनीची पट्टी" मागवायची सोय नव्हती.

काम सुरू झालं फीत उपसण्यापासून. ती उपसावी लागलीच नाही. चिमटीत धरली की कडकड तुटत होती. ही फीत व्हिनाइलची असते. तिला लवचीक ठेवणारी द्रव्यं ऊन हळूहळू काढून घेतं, मग ती आखडते. पाणी थेट स्क्रूवर पडू नये एवढंच तिचं काम, आणि तेच तिनं बहुधा वीसेक वर्षांपूर्वी सोडलं होतं. नंतरच्या कुठल्याशा मालकानं त्यावर उपाय म्हणून सगळी खाच सिलिकॉननं भरून टाकली होती. या मालकाचा उद्धार धाकटा उन्हाळाभर करत होता. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, अगदी नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही, आणि ते पत्र्यावरून पुरतं निघतही नाही. प्लास्टिकच्या पात्यानं खरवडायचं, द्रावण लावायचं, थांबायचं, पुन्हा खरवडायचं. धातूचं पातं चालत नाही, कारण खालचा पत्रा पोस्टकार्डाहून फार जाड नसतो.

मग स्क्रू. एका बाजूला दीडशेच्या वर भरले. निम्मे सरळ फिरले. काहींची डोकी तुटून हातात आली आणि धडं आतच राहिली. ती पकडीनं धरून, पिळून काढावी लागली. उरलेले नुसते गरगर फिरत राहिले. धाकट्याचा चेहरा पडला तो या तिसऱ्या जातीच्या स्क्रूंमुळे. स्क्रू गरगर फिरतो याचा अर्थ त्याला धरून ठेवायला आत लाकूड उरलेलं नाही.

पट्टी सुटली आणि खाली काळपट, खडूसारखी भुसभुशीत झालेली लांबी दिसली. कारखान्यात पट्टीखाली पुटीची जी फीत घालत, तिच्यातलं तेल वाळलं की तिचे खडे होतात. त्या खड्यांच्या फटीतून पावसाचं पाणी केशाकर्षणानं आत ओढलं जातं. पोलादी स्क्रू, अॅल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये पाणी, अशी ही छोटी विद्युतघटमाळच होते. पत्रा झिजतो आणि भोकाभोवती पांढरी भुकटी जमते. पण पत्रा बाजूलाच राहिला. धाकट्यानं वरचा पत्रा जरासा उचलून पेचकसाचं टोक आतल्या चौकटीवर टेकवलं आणि ते लोण्यात जावं तसं मुठीपर्यंत गेलं.

त्या शनिवारी काम तिथेच थांबलं. भावजयीनं डबा आणला होता, मटकीची उसळ आणि पोळ्या. आम्ही कोठाराच्या दारात बसून जेवलो आणि कुणी काही बोललं नाही.

अशा गाडीची भिंत म्हणजे बाहेर पत्रा, आत पातळ प्लायवुड, आणि मध्ये दीड-दोन इंची लाकडी चौकट व फोम. पट्टी दोन पत्र्यांच्या सांध्यावर बसते आणि तिचे स्क्रू सांध्यामागच्या आडव्या लाकडात जातात. म्हणजे ज्या रेषेवर पाणी शिरायची भीती सगळ्यात जास्त, नेमक्या तिथेच भिंतीचा सांगाडा असतो. शिवाय पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. गाडीच्या आत मागच्या पलंगाजवळ ओल आली होती. ती शोधत आम्ही खिडकीवर संशय घेत होतो, आणि कुजलेलं लाकूड मिळालं खिडकीच्या पुढे सहा फुटांवर.

आमचे वडील दापोडीच्या एस.टी. कार्यशाळेत बॉडी फिटर होते. तिथे अॅल्युमिनियमच्या बॉड्या बांधत. ओळीनं रिव्हेट ठोकताना एक माणूस बाहेरून बंदूक धरायचा आणि दुसरा आतून ठोकळा लावून उभा राहायचा. शाळेत असताना आम्ही दोघंही ते तासन्‌तास बघत असू. इथे ठोकळा धरायचं काम माझ्याकडे आलं. धाकटा बाहेरून पट्टी लावायचा, मी आत पलंगावर उताणा पडून हाताच्या तळव्यानं भिंत दाबून धरायचो. सत्तरीला टेकलेल्या माणसाला हे काम द्यावं का, हा प्रश्न भावजयीनं दोनदा विचारला. धाकट्यानं दोन्ही वेळा विषय बदलला.

कुजलेलं लाकूड काढून नवं पाइन बसवण्यात जून गेला. जिथे लाकूड नुसतं मऊ पडलं होतं तिथे पातळ इपॉक्सी पाजली. ती तंतूंत मुरते आणि घट्ट होते. आणि जिथे लाकूड धड होतं पण भोक सैल झालं होतं, तिथे धाकट्यानं गोंदात बुडवलेल्या दात कोरायच्या काड्या भोकात ठोकल्या. घराच्या दाराची बिजागरी सैल झाली की आई काडेपेटीच्या काड्या कोंबायची, तीच विद्या.

पट्टीचा शोध हा वेगळाच अध्याय. अशा पट्ट्या आजही मिळतात, कारण साध्या ट्रेलरनाही त्या लागतात. पण जुनी पट्टी रुंदीला सव्वा इंच होती आणि बाजारातली एक इंच. पाव इंचानं काय बिघडतं? बिघडतं असं की पन्नास वर्षं झाकलेली, रंग न लागलेली पत्र्याची कडा आणि जुनी भोकं बाहेर डोकावतात. सरळ भागासाठी शेवटी योग्य रुंदीची पट्टी एका पुरवठादाराकडे मिळाली. छपराजवळच्या वळणाची मात्र मिळेना. ती सरळ पट्टीतूनच वाकवायची होती, आणि थंड अॅल्युमिनियम वाकवला की एकतर सुरकुततो किंवा तडकतो.

धाकट्यानं अंघोळीचा साबण आणला. पट्टीवर कोरडाच घासला आणि मग गॅसच्या ज्योतीनं पट्टी खालून तापवत नेली. अॅल्युमिनियम तापला तरी लोखंडासारखा लाल होत नाही, काही इशारा न देता एकदम वितळून गळतो. 660 अंशांना शुद्ध अॅल्युमिनियम, आणि मिश्रधातू त्याच्याही आधी. साबण मात्र त्याच्या बराच आधी काळा पडतो. काळा झाला की ज्योत बाजूला घ्यायची, पट्टी निवू द्यायची. मग ती इतकी नरम पडते की प्लायवुडच्या साच्यावर हातानं वळते. पहिली पट्टी फुकट गेली, ज्योत एका जागी रेंगाळली आणि पट्टीला भोक पडलं. दुसरी छान वळली. त्या दिवशी धाकटा जितका खूश होता तितका मी त्याला त्याच्या बढतीच्या दिवशीही पाहिलेला नाही.

जुलैत एकदाची पट्टी चढू लागली. खाली आता पुटी नव्हती, ब्यूटाइलची करडी चिकट फीत होती. ती वाळत नाही, वर्षानुवर्षं चिकट आणि ताणती राहते. ती तशी राहायला हवीच असते, कारण धातू स्वस्थ बसत नाही. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे 23 सहस्रांश मिलिमीटर वाढतो. ऐकायला क्षुल्लक, पण मिशिगनच्या उणे वीस अंशांच्या हिवाळ्यापासून पस्तीस अंशांच्या उन्हाळ्यापर्यंत सहा मीटरची पट्टी साडेसात मिलिमीटर लांब-आखूड होते. खडा झालेली पुटी ती ओढाताण सोसत नाही. नवे स्क्रू स्टेनलेसचे घेतले, आणि ते एका दमात आवळायचे नाहीत, हे धाकट्यानं मला दहादा बजावलं. अर्धे आवळायचे, ब्यूटाइल कडेनं बाहेर येऊ द्यायचा, दोन-तीन दिवस उन्हात ठेवून पुन्हा आवळायचे, आणि मगच बाहेर आलेली वळकटी प्लास्टिकच्या सुरीनं कापायची. माझ्या चपला, चष्मा आणि भावजयीच्या गाडीची सीट, सगळीकडे तो करडा गोंद महिनाभर होता.

शेवटी नवी फीत. ती शंभर फुटांच्या गुंडाळीत येते. डाव्या बाजूला धाकट्यानं ती भर दुपारी, ताणत ताणत, तुळतुळीत बसवली आणि टोकाशी नेमकी कापली. दिसायला अप्रतिम. सप्टेंबरातल्या पहिल्या गार पहाटे आम्ही कोठार उघडलं तर फीत दोन्ही टोकांनी बोटभर आत सरकलेली. उजव्या बाजूला मग मी फीत नुसती खाचेवर सोडत गेलो, तो अंगठ्यानं दाबत गेला, आणि टोकाला दोन इंच जास्त ठेवून ती पट्टीखाली दुमडली.

ऑक्टोबरात, माझ्या विमानाला चार दिवस राहिले असताना, पाण्याची परीक्षा झाली. नळी खालून सुरू करायची आणि वर सरकत न्यायची; वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. भावजय आत विजेरी घेऊन बसली. धाकट्यानं कमरेची पट्टी पाच मिनिटं भिजवली. आतून उत्तर, "कोरडं!" छपराकडेची पट्टी, पुन्हा "कोरडं!" वळणाची, साबणावर वाकवलेली पट्टी, तिथेही कोरडं. धाकटा नळी बंद करायला निघाला होता, तेवढ्यात मीच म्हटलं, कपाळावर पण मार.

अमेरिकेत 80 इंच किंवा त्याहून रुंद गाडीला पुढे उंचावर पाच पिवळे दिवे लागतात, म्हणजे पत्र्याला तारेसाठी पाच भोकं. नळी मधल्या दिव्यावर गेली आणि आतून भावजय ओरडली, "आलं! आलं! माझ्या डोक्यावर आलं!"

धाकट्यानं नळी खाली ठेवली, शिडी लावली आणि दिव्याचं झाकण उघडलं. आत तीच खडूसारखी पुटी होती. ब्यूटाइलची गुंडाळी हातभर उरली होती. त्यानं ती दिव्याच्या बुडाला धरून पाहिली, मापली, आणि मला म्हणाला, "दादा, पाचातल्या चारांना पुरेल."