वाऱ्याची गॅरंटी कोण देणार?

ठोसेघरचा धबधबा बघून, गरमागरम भजी खाऊन तिथूनच परत फिरणाऱ्या समस्त पुणेकरांना माझी एक विनंती आहे. गाडी अजून थोडी पुढे काढा. साताऱ्याहून सज्जनगडाला वळसा घालत वर आलेला हाच रस्ता चाळकेवाडीच्या पठारावर पोचतो आणि समोर पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा! लांबून खेळण्यातल्या वाटतात. जवळ गेलं की पात्यांचा आवाज पोटात घुमतो. जुलैत गेलात तर फोटो काढताना मोबाईल घट्ट धरा, वाऱ्याचा नेम नाही.

आणि तोच तर सगळा लोचा आहे. पठारावर येणारा प्रत्येक जण विचारतो, एका चक्कीवर किती घरं चालतात? मला पडलेला प्रश्न वेगळा होता. वारा पडला की त्या घरांचं काय?

चहाच्या टपरीवर भेटलेल्या एका टेक्निशियन दादांना विचारलं. ते म्हणाले, मॅडम, वारा पूर्ण पडला तर सोपं असतं, कमीजास्त होतो तेव्हा खरी गंमत. गंमत अशी, की वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर त्यातली ऊर्जा निम्मी होत नाही, एक अष्टमांशावर येते. तुमच्या पगाराचं असं झालं तर? ग्रिडकडे सेव्हिंग अकाऊंट जवळपास नसतंच. ज्या सेकंदाला वीज तयार होते, त्याच सेकंदाला ती कुणीतरी वापरावी लागते. हा हिशेब जुळतोय की नाही ते एका आकड्यावरून कळतं : ५० हर्ट्झ. वीज कमी पडली की आकडा खाली, जास्त झाली की वर. आपल्या राज्यासाठी हा तोल ऐरोलीच्या लोड डिस्पॅच सेंटरमधून सांभाळतात, चोवीस तास, शिफ्टमध्ये. तुमच्या कॉल सेंटरच्या नाइट शिफ्टपेक्षा टेन्शनचं काम.

दुसरी भानगड व्होल्टेजची. सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच छोट्या चक्क्यांमध्ये साधा इंडक्शन जनरेटर असायचा. तो वीज देतो खरा, पण स्वतः चालायला ग्रिडकडूनच रिऍक्टिव्ह पॉवर ओढतो आणि व्होल्टेज खाली खेचतो. म्हणून जोडीला कपॅसिटर लावावे लागतात. शिवाय लाइनवर कुठे झाड पडून व्होल्टेजने क्षणभर डुबकी मारली, की अशी चक्की घाबरून सुटी व्हायची. एक सुटली तर ठीक आहे हो, सगळी रांगच सुटली तर?

तेही घडलंय, पण आपल्याकडे नाही. २८ सप्टेंबर २०१६ ला साऊथ ऑस्ट्रेलियात वादळाने टॉवर पाडले, दोन मिनिटांत व्होल्टेज अनेकदा कोसळलं. इतक्या डुबक्या झाल्या तर माघार घ्यायची, असं तिथल्या अनेक चक्क्यांच्या सेटिंगमध्येच होतं. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट गायब! शेजारच्या व्हिक्टोरियातून येणाऱ्या लाइनवर सगळा भार आला, ती तुटली आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. वारा भरपूर होता, हे विशेष. नंतर सेटिंग्ज बदलली. आपल्याकडे नव्या चक्क्यांनी अशा डुबकीत टिकून राहायचं, असा नियम २०१३ मध्ये आला.

पण वाऱ्याच्या चढउताराला उत्तर काय? ते याच डोंगररांगांत, खाली आहे : कोयना. १,९६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प, आणि पाण्यावरची टर्बाइन्स काही मिनिटांत चालू किंवा बंद करता येतात. वर वारा ओसरला की खाली झडप उघडायची. परफेक्ट जोडी!

फक्त पाणी अनलिमिटेड प्लॅनवर मिळत नाही. पश्चिमेकडे वळवून वीज करायला बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. एकदा टर्बाइनमधून गेलं की ते पाणी वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला मिळतं. सांगली-साताऱ्याच्या शेताला ते परत मिळत नाही. वर्षाचा हिशेब जूनला सुरू होतो, तेव्हा वाराही जोरात असतो. मार्च-एप्रिलमध्ये मात्र आपले एसी सुरू होतात, वाऱ्याचा सीझन लांब असतो आणि पाण्याच्या खात्यात शिल्लक थोडीच. संध्याकाळी सातला आपण घरी येऊन एसी, गीझर, मायक्रोवेव्ह एकदमच लावतो, तेव्हा कुणाच्या तरी उसाच्या वाट्याचं पाणी कोकणात उतरत असतं. बॅटऱ्या आणि पाणी परत वर चढवणारे पंप हा त्यावरचा उपाय आहे. पण दोन्ही स्वस्त नाहीत.

जायचं असेल तर जून ते सप्टेंबर बेस्ट. साताऱ्याहून पठार साधारण २५-३० किलोमीटर. छत्री नेऊ नका, उलटी होते, विंडचीटर हवाच. कोयनानगरसाठी उंब्रज-पाटण रस्ता धरा, पॉवरहाऊस मात्र परवानगीशिवाय दिसणार नाही. आणि भन्नाट वाऱ्यातही एखादी चक्की गप्प उभी दिसली, तर ती बिघडलीच आहे असं समजू नका. कधीकधी ग्रिडमध्येच जागा नसते, म्हणून तिला थांबवलेलं असतं.